सेवासदनाच्या रमाबाई

भगिनींनो, मंडळाचा वर्धापनदिन आला की आपण हळदीकुंकू करतो, पाककृतींच्या स्पर्धा घेतो, मुलाबाळांचे कौतुक करतो. हे सारे योग्यच आहे. परंतु चार बायका एकत्र जमून काही चांगले काम करू शकतात, ही कल्पना आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी रुजविली, त्यांचे स्मरण या दिवशी झाले नाही तर सोहळा अपुराच राहील. अशा स्त्रियांत रमाबाई रानडे यांचे नाव फार वरचे आहे. शिवाय त्या आपल्याच भागातल्या. त्यांच्या माहेरचे गाव देवराष्ट्रे हे त्या काळी सातारा जिल्ह्यातच होते. पुढे 1949 साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला, 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले, आणि आज देवराष्ट्रे कडेगाव तालुक्यात मोडते. सागरेश्वराच्या डोंगराजवळचे हे गाव. यशवंतराव चव्हाणांचा जन्मही 1913 साली येथलाच. तेव्हा आपण मेढेकरांनी रमाबाईंना आपल्या म्हटले तर त्यात काही वावगे नाही.

रमाबाईंचा जन्म 1862 सालचा, कुर्लेकरांच्या घराण्यातला. माहेरचे नाव यमुना. मुलीने अक्षर गिरविले तर घरावर संकट येते अशी त्या काळची समजूत. त्यामुळे यमुनेला पाटीपेन्सिल अशी ठाऊकच नव्हती. ओव्या, कहाण्या, व्रतवैकल्ये आणि घरकाम एवढीच तिची शाळा. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचे लग्न झाले. वर होते महादेव गोविंद रानडे. वय एकतीस, विद्वान म्हणून सर्वत्र नाव, सरकारी नोकरीत मोठा हुद्दा, आणि प्रथम पत्नी त्याच वर्षी वारलेली.

या लग्नाची मोठी टीका झाली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी स्वतः मात्र अकरा वर्षांची कुमारिका वरली, हे सुधारकांना रुचले नाही, आणि त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. वडिलांच्या आग्रहापुढे रानड्यांनी मान तुकविली होती. ज्या विधवा भगिनींच्या वाट्याचे हे स्थान होते असे लोक म्हणत, त्यांच्यासाठीच पुढे रमाबाईंनी आपले उरलेले आयुष्य वेचले.

रानड्यांनी पत्नीला मुळाक्षरांपासून शिकविण्यास आरंभ केला. कचेरीतून आल्यावर रात्री धडा चाले. मराठी वाचन झाले, मग गणित, भूगोल, इतिहास, आणि पुढे इंग्रजी. इंग्रजी शिकविण्यासाठी मडमेची शिकवणी ठेवली, तेव्हा घरातील सोवळ्यात वावरणाऱ्या वडील बायकांचा संताप अनावर झाला. टोमणे, अबोला, पंगतीतला दुरावा हे सारे त्या पोरवयाच्या मुलीच्या वाट्यास आले. रमाबाई उलटून बोलल्या नाहीत आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. घरातील प्रत्येकीचे काम करावे, थोरांच्या पाया पडावे, आणि रात्री धडा पाठ करावा, असा त्यांचा क्रम होता. आपल्यापैकी ज्या सुनांनी एकत्र कुटुंबात राहून परीक्षा दिल्या असतील, त्यांना यातले कष्ट निराळे सांगावयास नकोत.

नाशिकास असताना रमाबाई पहिल्यांदा सभेत बोलल्या. पुण्यास 1882 साली पंडिता रमाबाई आल्या व त्यांनी आर्य महिला समाज काढला, तेव्हा आपल्या रमाबाई तेथे जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल असावे अशी मागणी पुण्यात झाली, त्या वेळी गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजीतून वाचन करण्याचे काम रमाबाईंकडे आले. ते हायस्कूल 1884 साली निघाले. आज हुजूरपागा म्हणून आपण जी शाळा ओळखतो तीच ही. ज्या मुलीला अकराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती, ती विशीच्या उंबरठ्यावर एवढी तयार झाली, हे केवळ नवऱ्याचे श्रेय नव्हे. शिकविणारा कितीही मोठा असला तरी शिकणारीने चिकाटी धरावी लागते.

16 जानेवारी 1901 रोजी मुंबईस न्यायमूर्ती रानडे निवर्तले. रमाबाईंना मूलबाळ नव्हते. त्यांचे वय तेव्हा चाळिशीच्या आत. मुंबई सोडून त्या पुण्याच्या घरी येऊन राहिल्या आणि वर्षभर त्यांनी बाहेरचा संबंध जवळजवळ तोडला. नंतर हळूहळू त्या बाहेर पडू लागल्या, त्या सभेसाठी नव्हे. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटण्यासाठी आणि इस्पितळातील रोग्यांची विचारपूस करण्यासाठी. फळे न्यावीत, फुले न्यावीत, दोन गोष्टी बोलाव्यात, एवढेच प्रथम त्यांचे काम होते. पुढचे मोठे कार्य येथूनच उगवले असावे असे वाटते. रोग्याच्या उशाशी जो वारंवार बसतो त्याला चटकन कळते की गोड शब्दाने मन हलके होते, परंतु जखम धुण्यास आणि ताप उतरविण्यास जाणते हात लागतात.

त्या काळची इस्पितळे कशी होती हे लक्षात घेतले पाहिजे. पुण्यात ससून हॉस्पिटल 1867 साली बांधून झाले होते, पण आपल्या बायका तेथे पाऊल टाकावयास धजत नसत. 1896 च्या अखेरीस मुंबईची प्लेगची साथ पुण्यात पसरली. 1897 साली गोरे सोजीर घरात शिरून रोगी शोधू लागले, तेव्हा तर इस्पितळ या शब्दाचाच लोकांनी धसका घेतला. याच साथीत, आपल्या खंडाळा तालुक्यातील नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, रोग्यांची शुश्रूषा करता करता 10 मार्च 1897 रोजी प्राण ठेवला. घरची बाई दुखण्यात परपुरुषाच्या हाती कशी द्यावी, हा प्रश्न घरोघर होता. त्याचे उत्तर उघड होते: शिकलेल्या स्त्रियांनीच इस्पितळात उभे राहावे. पण आपली मुलगी तेथे पाठविण्यास कोणाचीच तयारी नव्हती.

इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा काढून या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. आपल्या दक्षिण भागात मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांच्या मिशन इस्पितळात एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच नर्सिंगचे शिक्षण सुरू झाले होते. परंतु या शिक्षणास जाणाऱ्या मुली बहुतेक ख्रिस्ती समाजातल्या असत. इतर हिंदू घरांतून, विशेषतः ज्यांना स्वतःस उच्चवर्णीय म्हणविण्याचा अभिमान होता त्यांतून, कोणी जात नसे. कोणत्याही जातीच्या माणसाचे अंग पुसावयाचे, मलमूत्राची भांडी उचलावयाची, रात्रपाळी करावयाची, परक्या पुरुषांशी बोलावयाचे, हे सारे कुलीन स्त्रीला न शोभणारे मानले जाई. घरात सासूसासऱ्यांचे आजारपण रात्र रात्र जागून काढणारी सून गुणी ठरे, आणि तेच काम शिकून, पगार घेऊन इस्पितळात केले तर तीच बाई वाया गेली असे लोक म्हणत.

1908 साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी मुंबईस सेवासदन काढले आणि रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. 2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्यास सेवासदन सुरू झाले ते रमाबाईंच्याच घरात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी संस्थेची व्यवस्था आणि पैशाची जुळवाजुळव अंगावर घेतली. रमाबाई घर, नाव आणि वेळ घेऊन उभ्या राहिल्या. यांपैकी नावाचे मोल सर्वांत जास्त होते. रानड्यांच्या पत्नीच्या घरी मुलगी जाते म्हटल्यावर वडिलांना नाही म्हणणे जड जाई.

सेवासदनाची रचना जिन्यासारखी होती. वीस-पंचवीस वर्षांची बाई, पदरी एखादे मूल, अक्षरओळख नाही, अशी आली तर तिला प्रथम लिहावाचावयास शिकवीत. मग शिवणकाम, किंवा मास्तरीण होण्याचे शिक्षण. आणि 1911 च्या सुमारास या जिन्याला नवी पायरी जोडली गेली. ससून हॉस्पिटलाच्या सहकार्याने सेवासदनाच्या मुलींना परिचारिकेचे आणि सुईणीचे रीतसर शिक्षण मिळू लागले. त्यांच्या राहण्याची सोय संस्थेने वसतिगृहात केली. या वसतिगृहाचे महत्त्व फार. तेथे घरच्यासारखे जेवण होते, वडीलधाऱ्या बाईची देखरेख होती, आणि रात्रपाळी करून परत आलेल्या मुलीकडे संशयाने पाहणारे कोणी नव्हते. शिक्षण देण्याआधी शिकणारीला निर्धास्तपणे डोके टेकावयास जागा द्यावी लागते, ही गोष्ट रमाबाईंनी व देवधरांनी पुरती ओळखली होती.

आलेल्या स्त्रियांत विधवा पुष्कळ असत. कोणाचे केशवपन झालेले, अंगावर आलवण, घरात कोणी विचारीत नाही, शुभकार्यात समोर यावयाचे नाही. अशा बाईला इस्पितळात रोगी हाक मारीत, डॉक्टर तिच्या हाती औषधाची बाटली देत, तिने टिपून ठेवलेल्या तापाच्या आकड्यावर विसंबून पुढचा उपचार ठरवीत. जिचे तोंड पाहणे अपशकुन मानीत, तिच्या येण्याची वाट एखादी बाळंतीण डोळ्यांत प्राण आणून पाही. हा पालट साधा नव्हता.

संस्थेच्या एका वार्षिक समारंभातली हकीकत सांगितली जाते. नर्सिंगच्या शिक्षणात यश मिळविलेल्या विद्यार्थिनींना बक्षिसे द्यावयाची होती. एक विधवा भगिनी आपल्या जुन्या रिवाजाच्या वेषात, डोईवरून पदर घेऊन व्यासपीठाकडे निघाली, तेव्हा सज्जात बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. बाई बिचारी खाली मान घालून बक्षीस घेऊन गेली. रमाबाई एरवी अत्यंत शांत, पण समारोपाला त्या उभ्या राहिल्या त्या संतापाने आणि दुःखाने थरथरतच. कॉलेजात शिकत असूनही दुष्ट रूढीला बळी पडलेल्या बहिणीची जे टर उडवितात, त्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असा त्यांनी त्या तरुणांना खडा सवाल केला. सभा स्तब्ध झाली. अपमान एका बाईचा झाला होता, पण रमाबाईंनी तो आपला आणि सगळ्या स्त्रीजातीचा मानला. अनेक व्याख्यानांनी झाले नसते ते काम त्या चार वाक्यांनी केले असेल.

रमाबाईंचा आणखी एक विशेष आपल्या वारकरी मुलखाला जवळचा वाटेल. आषाढी-कार्तिकीच्या यात्रांच्या वेळी त्या सेवासदनातील स्त्रियांना घेऊन आळंदीस जात आणि यात्रेकरू बायकांची सेवा करीत. धर्म आणि सेवा यांत त्यांनी कधी भांडण लावले नाही. प्रार्थनासमाजाचा संस्कार असूनही जुन्या वळणाच्या बायका त्यांच्यापाशी मोकळेपणाने बसत, कारण रमाबाईंची राहणी साधी, बोलणे मऊ आणि वागणे घरंदाज होते. यात धोरण होते असे कोणी म्हणेल. असले तरी ते इतरांच्या भल्याचे होते.

लेखनाचे कामही त्यांच्या हातून झाले. न्यायमूर्तींची धर्मपर व्याख्याने त्यांनी प्रसिद्ध केली. 1910 साली त्यांचे आमच्या आयुष्यातील कांही आठवणी हे पुस्तक निघाले, आणि मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत ते आजही मानाने वाचले जाते. पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलांपुरतेच ठेवावे असा घाट घातला गेला, तेव्हा मुलींनाही ते मिळावे म्हणून रमाबाई स्त्रियांना बरोबर घेऊन रस्त्यावर उतरल्या. 1921 साली मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला, त्या चळवळीतही त्या होत्या. 1924 साली पुण्यास त्यांचे देहावसान झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, 1962 साली, भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. अलीकडे 2012 साली त्यांच्या जीवनावर उंच माझा झोका ही दूरदर्शन मालिका झाली, ती आपणांपैकी पुष्कळजणींनी पाहिली असेलच. मालिकेत बालपणीची रमा लोकांना फार आवडली. परंतु पन्नाशीतल्या रमाबाई, विधवांना वॉर्डात पाठविणाऱ्या रमाबाई, आपण तितक्याच प्रेमाने आठवावयास हव्यात.

रमाबाईंच्या नंतर या शिक्षणाने मोठी मजल मारली. 1946 साली दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगच्या पदवीचे शिक्षण सुरू झाले. 1947 साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, त्यामुळे देशभर शिक्षणास एक माप आले. आज बारावीला शास्त्र घेतलेली मुलगी चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी घेऊ शकते. तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका आहे, आणि दोन वर्षांचा ए.एन.एम. अभ्यासक्रमही आहे.

या पदवीच्या अभ्यासाविषयी आपल्याकडे अजून गैरसमज आहेत. डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन टोचावयाचे, एवढेच काम असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, आहार, मानसशास्त्र आणि शुश्रूषेची मूलतत्त्वे येतात. पुढे मोठ्या माणसांचे आजार व शस्त्रक्रिया, मग बालकांची शुश्रूषा, प्रसूती, मनोरुग्णांची शुश्रूषा, गावोगावचे आरोग्य, वॉर्डाची व्यवस्था, आणि संशोधन व संख्याशास्त्र. जे वर्गात शिकले ते प्रथम पुतळ्यावर करून पाहावयाचे, नंतर शिक्षिकेच्या नजरेखाली रोग्यापाशी. एकेका विद्यार्थिनीवर ठरावीक रोग्यांची जबाबदारी सोपवितात. त्याचे दुखणे काय, नाडी व श्वास कसे आहेत, कोणते औषध किती, कशाने धोका संभवतो, नातेवाइकांना काय समजावून सांगावे, याचा लेखी आराखडा तिने करावयाचा असतो. प्रसूतिगृह, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, ग्रामीण आरोग्य केंद्र अशा सर्व ठिकाणी तिच्या पाळ्या लागतात. आता अभ्यासक्रमाची आठ सत्रे आहेत, आणि शेवटचे सत्र बहुतेक सारे प्रत्यक्ष कामातच जाते. त्यात आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम असते. दयाळूपणा हवाच. पण औषधाचा दशांश चिन्हाचा ठिपका चुकला तर दयाळूपणाने रोगी वाचत नाही, म्हणून हा सारा खटाटोप.

आपल्या जावळी तालुक्याला याची गरज किती आहे हे आपणच जाणतो. वेण्णेच्या खोऱ्यात रस्ते झाले, दवाखाने झाले. तरी बामणोलीकडे शिवसागराच्या पाण्याने तुटलेल्या वस्त्या आहेत, तेथे लाँचने जावे लागते. पुरुषमाणसे पोटासाठी मुंबईस, घरी म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बायका. अशा घरी लस टोचावयास किंवा बाळंतिणीची चौकशी करावयास सिस्टर येऊन बसतात तेव्हा आपण त्यांना चहा देतो, मान देतो, आणि ते चांगलेच आहे. पण आपलीच मुलगी किंवा सून सिस्टर होते म्हणाली की मात्र रात्रपाळीचे काय, लग्नाचे कसे, लोक काय म्हणतील, असे प्रश्न निघतात. हे प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचेच आहेत. रमाबाईंनी त्यांना वादाने उत्तर दिले नाही. मुलीच्या राहण्याची सोय केली, तिच्या पाठीशी आपले नाव उभे केले, आणि कोणी हसले तेव्हा भर सभेत जाब विचारला.

मंडळाच्या हाती मोठा पैसा नाही, पण या तीन गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. बारावी झालेल्या मुलीला प्रवेशाची माहिती मिळवून देता येईल. सातारा, कराड, मिरज, पुणे येथे आपल्या ओळखीपाळखीत तिची निर्धास्त सोय लावता येईल. तिच्या आईवडिलांकडे दोघी-तिघींनी जाऊन बसता येईल. आणि गावात कोणी वेडेवाकडे बोलले, तर गप्प न बसता तिच्या बाजूने बोलता येईल. देवराष्ट्र्याच्या लेकीचे स्मरण करावयाचे तर मेढ्याच्या लेकींसाठी एवढे करणे हेच योग्य होय.